विचारणारं माणूस : एका मेथडिस्ट पाळकाचा गुरुवार

पहाटे साडेचार

मंडळीच्या नावांची वही उघडून प्रार्थनेला बसतो. रविवारी वेदीपुढे सगळ्यांसाठी एकत्र प्रार्थना होते. पहाटे एकेका घराचं नाव घ्यायचं, हा माझा नियम. एका घरातली मुलगी दहावीला आहे. एका घरातला कर्ता माणूस कंत्राट संपल्यामुळे घरी बसला आहे. एका घरातल्या दोन भावांचं जागेवरून बोलणं बंद आहे. दोघंही रविवारी न चुकता येतात आणि देवळाच्या दोन टोकांना बसतात. नावं घेताना घाई करत नाही. पहाटे ज्याचं नाव देवापुढे घेतलं, त्याच्याशी दुपारी वरवरचं बोलवत नाही.

प्रार्थनेत मन रोज ओलं होतंच असं नाही. आज झालं नाही. अशा पहाटे मला जॉन वेस्ली आठवतात. त्यांच्याच चळवळीतून आमची मंडळी जन्माला आली. १७२८ साली त्यांना चर्च ऑफ इंग्लंडमध्ये पाळकपदाची पूर्ण दीक्षा मिळाली होती. ऑक्सफर्डमध्ये ते ठरल्या वेळी उपास करत, तुरुंगातल्या कैद्यांना भेटत. १७३६च्या जानेवारीत जॉर्जियाला जाताना जहाज वादळात सापडलं. इंग्रज प्रवासी किंचाळत होते आणि मोरावियन पंथाची जर्मन कुटुंबं, लेकराबाळांसकट, शांतपणे स्तोत्र गात होती. वेस्लींना मरणाची भीती वाटली आणि आपल्याजवळ नसलेलं काहीतरी या लोकांजवळ आहे, हे त्यांना कळलं. जॉर्जियात उतरल्यावर स्पांगेनबर्ग नावाच्या मोरावियन पाळकाने त्यांना विचारलं, तुम्ही येशू ख्रिस्ताला ओळखता का? तो जगाचा तारणारा आहे, असं वेस्ली म्हणाले. ते खरंच आहे, पण त्याने तुम्हाला तारलं आहे हे तुम्ही जाणता का, असा पुढचा प्रश्न आला. वेस्लींनी जेमतेम उत्तर दिलं आणि ते शब्द पोकळ होते अशी भीती रोजनिशीत लिहून ठेवली.

पुढे २४ मे १७३८च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत, रोमकरांस पत्राला ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचली जात असताना, त्यांच्या अंतःकरणात विश्वासाची ऊब आली. मेथडिस्ट मंडळ्या तो दिवस आजही पाळतात. मला मात्र त्याआधीची दोन वर्षं मोलाची वाटतात. त्या दोन वर्षांत कोणीतरी त्यांना विचारत राहिलं. पीटर बोलर नावाच्या तरुण मोरावियनाने तर, विश्वास मिळेपर्यंत विश्वासाचाच उपदेश करत राहा, असं त्यांना सांगितलं. मन कोरडं असलं तरी मी वही मिटत नाही, ती त्याच आधारावर.

सकाळी आठ

फोन सुरू होतात. शाळेच्या प्रवेशासाठी बाप्तिस्म्याचा दाखला, शनिवारच्या उपकारस्तुतीची वेळ, दफनभूमीच्या भिंतीचं अडलेलं काम. ती कामं उरकून रविवारच्या उपदेशाला बसतो.

रविवारचा शास्त्रभाग मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या एकविसाव्या अध्यायातला आहे. बाप दोन मुलांना द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगतो. एक नाही म्हणतो, मग पस्तावतो आणि जातो. दुसरा जातो म्हणतो आणि जात नाही. दरवर्षी हा भाग समोर आला की मी थांबतो, कारण 'जातो' म्हणणं हेच माझं रोजचं काम आहे. उपासनेत मी शेकडो वेळा 'आमेन' म्हणतो. त्यातल्या किती आमेनमागे मळ्याकडे जाणारी पावलं असतात?

तयारी करताना आम्ही चार गोष्टी समोर ठेवतो : शास्त्र, मंडळीची परंपरा, बुद्धी आणि अनुभव. लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजात, जबलपूरला, हे शिकलो. शास्त्र पहिलं, बाकीची तिन्ही ते समजून घ्यायला आणि जगायला. परंपरा म्हणून आज वेस्लींचा २५ जुलै १७४१चा उपदेश काढला. ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चमध्ये, विद्यापीठातल्या विद्वानांपुढे, ते जवळजवळ ख्रिस्ती असलेल्या माणसाविषयी बोलले. हा माणूस प्रामाणिक असतो, दानधर्म करतो, उपासना चुकवत नाही. देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती तेवढी त्याच्यात नसते. आपणही कित्येक वर्षं तसेच होतो, हे वेस्लींनी त्या विद्वानांना सांगितलं.

अनुभव म्हणून मेजावर पंडिता रमाबाईंचं मराठी शास्त्र आहे. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून, खेड्यातल्या बाईला वाचून कळेल अशा मराठीत त्यांनी केडगावला भाषांतर केलं आणि १९२२ साली मरेपर्यंत त्याच कामात त्या बुडालेल्या होत्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे आपली साक्ष लिहिताना त्यांनी स्वच्छ सांगितलं की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. तो नंतर, काही वर्षांनी सापडला. लिंकन कॉलेजचे फेलो वेस्ली आणि संस्कृत पंडिता रमाबाई, दोघांनी विद्वत्ता असताना, धर्म पाळत असताना, आपला विश्वास खरा आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारला. मग आमच्यासारख्या पिढीजात ख्रिस्ती माणसांनी तो किती वेळा विचारायला हवा? माझ्या आजोबांचा बाप्तिस्मा झाला म्हणून माझा विश्वास आपोआप सिद्ध होत नाही. रविवारी मी हेच बोलणार आहे आणि आधी स्वतःला ऐकवणार आहे.

साडेदहा

ससून रुग्णालय. मंडळीतल्या एका काकांचं उद्या हृदयाचं ऑपरेशन आहे. बाहेर त्यांचा मुलगा भेटतो आणि दबक्या आवाजात म्हणतो, "सलाम, पाळकसाहेब. एक विचारायचं होतं. आमचे एक नातेवाईक सांगतात, विश्वास पक्का असेल तर ऑपरेशनची गरज नाही. दुसऱ्या एका प्रार्थनेच्या ठिकाणी न्या म्हणतात."

त्याला कॉरिडॉरच्या बाकावर बसवतो आणि वेस्लींची गोष्ट सांगतो. वेस्लींनी १७४७ साली गरिबांसाठी घरगुती उपचारांचं पुस्तक काढलं, त्याच्या आदल्या वर्षी लंडनला मोफत दवाखाना सुरू केला. प्रार्थना आणि औषध यांत त्यांना भांडण दिसलं नाही. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे, ती आम्ही करतो आणि डॉक्टरांच्या हातांसाठीही करतो. "बाबांच्या विश्वासाची परीक्षा ऑपरेशन टाळण्यात नाही," मी त्याला म्हणतो. "उद्या सकाळी तू त्यांचा हात धरून राहा. घाबरला असलास तर घाबरलोय म्हण. देवापुढे धीट असल्याचं सोंग करायला लागत नाही."

आत काका जागे आहेत. बरे व्हाल असं वचन मी देत नाही. ते द्यायचा अधिकार मला नाही. देव सोडणार नाही, एवढं सांगतो, कारण त्यावर मी स्वतः उभा आहे. काका विचारतात, "पाळकसाहेब, समजा मी उठलो नाही तर?" मी खुर्ची जवळ ओढतो. बायकोविषयी, गावच्या विहिरीविषयी, एका जुन्या कर्जाविषयी ते बोलतात. मग आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणतो. शेजारच्या खाटेवरचे वारकरी गृहस्थ हात जोडून डोळे मिटतात.

दुपारी दीड

जेवण झाल्यावर कचेरीतलं काम. लग्नाचं रजिस्टर, नोटिशीची मुदत, साक्षीदारांची नावं. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे आम्हाला लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या आत लावावं लागतं, म्हणून मुहूर्त धरून आलेल्या नातेवाइकांनाही घड्याळाकडे पाहावं लागतं. पुढच्या महिन्यात लग्न असलेलं जोडपं समोर बसलं आहे. हॉल, केक, बँड सगळं ठरलं आहे. मी त्यांना एकच काम देतो : पगार, घरच्यांचं देणं, दारू आणि राग, या चार गोष्टींवर दोघांनी पुढच्या भेटीआधी बोलून यायचं. शपथेतले शब्द सुंदर आहेतच. ते ज्या गोष्टींवर टिकतात किंवा तुटतात, त्या बहुतेक या चार असतात.

दुपारी तीन

बारावी झालेला मुलगा आला आहे, अभियांत्रिकीच्या प्रवेशाचे कागद घेऊन. अर्जातल्या धर्म आणि जात या रकान्यांवर त्याचं बोट थांबलं आहे.

त्याचे पणजोबा महार समाजातले. मिशनच्या शाळेमुळे घर ख्रिस्ती झालं. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो दर्जा नाही. महाराष्ट्रात त्यांना ओबीसी यादीत जागा आहे, पण सवलत तेवढी नाही. गावात जात मात्र त्यांच्या मागे येते, भाड्याच्या खोलीपासून दफनभूमीपर्यंत.

"चुलतभावाच्या कागदांवर हिंदू आहे, पाळकसाहेब," तो म्हणतो. "त्याची फी माफ झाली. रविवारी तो माझ्या शेजारी बसून गातो. मी काय लिहू?"

हा मुलगा मला प्रश्न विचारतोय तेव्हा माझ्या पाळकपणाची खरी तपासणी चालली आहे. खरं लिही असं सांगून मोकळं होणं सोपं आहे. फी मला भरायची नाही. त्याच्या चुलतभावाला दोष देणंही सोपं आहे. पण त्या घरावर ही निवड लादणारा नियम त्याने केलेला नाही. अर्धी भाकर वाचवायला नाव झाकून ठेवणाऱ्यांचे मी कित्येक चेहरे पाहिले आहेत, आणि प्रभुभोजनाच्या मेजापासून त्यांपैकी कोणालाही मी परत पाठवणार नाही.

"बाळा, खरं लिहावं असं मला वाटतं," मी म्हणतो. "ओबीसीचा दाखला आपण दोघं जाऊन काढू. अल्पसंख्याकांची शिष्यवृत्ती कोणती मिळते ते बघू. आणि उरलेली फी तू एकट्याने भरायची नाही. संध्याकाळी वस्तीतल्या गटाच्या बैठकीत विचारतो. तू पण ये."

त्याने आपला पेन परत खिशात ठेवला. अर्ज सोमवारपर्यंत भरायचा आहे.

संध्याकाळी पाच

घरी खिळलेल्या एका आजींना प्रभुभोजन द्यायला जातो. पिशवीत भाकर आणि द्राक्षारसाची छोटी बाटली. काळ्या मनुका उकळून आमच्या महिला मंडळाच्या बायका तो करतात. मेथडिस्टांच्या प्याल्यात मद्य नसतं. १८६९ साली अमेरिकेत थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने रस आंबू नये म्हणून तो तापवून बंद करायची रीत बसवली, ती याच मेजासाठी. दारू सोडलेला एक माणूस आमच्या मंडळीत आहे. पहिल्यांदा न घाबरता त्याने प्याला हातात घेतला, तेव्हा त्या दंतवैद्याच्या खटपटीचं मोल मला समजलं.

आजींना आता ऐकू कमी येतं, पण पापकबुलीची प्रार्थना सगळी पाठ आहे. भाकर घेतल्यावर त्या माझा हात सोडत नाहीत. "जेवतोस का वेळेवर? मुलं कशी आहेत? प्रार्थना होते का?" मी उत्तरं देतो, एकेका प्रश्नाचं. मंडळीत मला 'तू' म्हणणारी माणसं थोडी राहिली आहेत, आणि पाळकाला अशा माणसांची गरज असते. झग्याचा आणि पदाचा मान मिळत राहिला की आपल्या अंतःकरणाची चौकशी कोणी करत नाही. तिथूनच धोका सुरू होतो.

संध्याकाळी साडेसात

वस्तीतल्या एका घरी गटाची बैठक. बारा-पंधरा माणसं, पेटी, तबला, झांज. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडून आधी रेव्हरंड टिळकांचं एक भजन, मग जॉन वेस्लींचा भाऊ चार्ल्स याच्या एका गीताचा मराठी अनुवाद. चार्ल्सने सहा हजारांवर गीतं लिहिली, कारण विश्वास लोकांना पाठ व्हायला हवा होता. टिळकांनीही आमच्यासाठी तेच केलं, आमच्या ओव्या-अभंगांच्या चालीत.

गटाची प्रमुख अंगणवाडीत काम करणारी एक ताई आहे. तिच्यासमोर एक पत्र्याचा डबा आहे. नव्या आलेल्या मुलाला ती डब्याची गोष्ट सांगते. १७४२ साली ब्रिस्टलच्या सभागृहावरचं कर्ज फेडायचं होतं. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असं ठरलं. कोणीतरी म्हणालं, गरिबांना तेवढंही परवडणार नाही. तेव्हा कॅप्टन फॉय नावाचा जुना खलाशी उभा राहिला आणि म्हणाला की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, आणि ज्यांच्याजवळ काही नसेल त्यांचं मी भरीन. पेनी गोळा करायला दारोदार जाणाऱ्या माणसांना घराघरातलं दिसू लागलं : कुठे भांडण, कुठे दारू, कुठे उपासमार. वेस्लींनी ओळखलं की आपल्याला हेच हवं होतं. मेथडिस्ट मंडळ्यांचे छोटे गट असे, कर्जाच्या हिशेबातून उभे राहिले.

मुंबईतही तेच झालं. १८७१-७२मध्ये मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर आले, तेव्हा त्यांनी इमारती बांधण्याआधी घराघरांत गट बांधले. त्यांना साथ देणाऱ्या जॉर्ज बोवन यांनी तर मिशनचा पगार सोडून दिला होता आणि १८८८ साली मरेपर्यंत ते मुंबईत साधेपणाने राहिले. चर्च आणि शाळा मागाहून आल्या. १९८१ साली मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्वायत्त झालं, तेव्हा आम्हाला जो वारसा मिळाला त्यात मला घराघरांतल्या गटांच्या या खोल्या सगळ्यांत मौल्यवान वाटतात.

मग ताई प्रश्न फिरवते. या आठवड्यात जीव कसा आहे? काय केलं, काय राहिलं? कंत्राट सुटलेला माणूस म्हणतो, मुलांसमोर रडलो. एक बाई म्हणते, सासूला माफ करता येत नाही, प्रार्थना करा. कोणी कोणाला उपदेश करत नाही. ऐकलेलं या खोलीबाहेर जात नाही.

माझी पाळी येते. "पाळकसाहेब, तुमचं?" ताई विचारते. आज पहाटेची प्रार्थना कोरडी होती, मी सांगतो. ऑपरेशनला जाणाऱ्या काकांनी मरणाविषयी विचारलं तेव्हापासून माझे वडील आठवताहेत. खोलीत एक-दोघांच्या माना हलतात. शेजारचे गृहस्थ माझ्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, अगदी साध्या वाक्यांत. वेस्लींच्या जहाजावरच्या त्या लोकांजवळ काय होतं, ते मला इथे कळतं. एकाचा विश्वास थकला तर शेजाऱ्याचा त्याला उचलून धरत होता.

बैठक संपताना त्या मुलाच्या फीची गोष्ट मी मांडतो. त्याने अर्जात काय लिहायचं ठरवलं ते कोणी विचारत नाही. डबा फिरतो. कोणी नोटा टाकतं, कोणी पुढच्या महिन्याची कबुली देतं. त्याचा चुलतभाऊही या गटात आहे. तो उठून म्हणतो, "पहिल्या सत्राची पुस्तकं मी देतो. माझी तशीच आहेत." ताई वहीत लिहून घेते. फी पुरी जमली नाही, पण किती कमी पडते ते आता सगळ्यांना ठाऊक आहे.

रात्री साडेनऊ

घरी आल्यावर बायको आणि मी दिवसाचा हिशेब करतो. १७४३ साली वेस्लींनी आपल्या मंडळ्यांसाठी तीन नियम घालून दिले : कोणाचं वाईट करू नये, जमेल तेवढं भलं करावं, आणि उपासना, प्रार्थना, शास्त्रवाचन, प्रभुभोजन ही देवाच्या कृपेची साधनं धरून राहावं. या तिन्हींवर आज मी कुठे उभा होतो, ते ती विचारते आणि मी तिला विचारतो.

मेथडिस्ट पाळक एका मंडळीत कायमचा राहत नाही. वार्षिक परिषदेत बिशप नेमणुका वाचतात आणि सांगितलं त्या गावी बिऱ्हाड हलवायचं. माझंही कधीतरी हलेल. या वस्तीत चांगला पाळक होता, असं कोणी म्हणालं तर मला बरं वाटेल, पण त्याने मंडळीचं काही चालणार नाही. माझ्यामागे ताईचा गट चालला पाहिजे. नव्या मुलाला प्रश्न विचारणारं माणूस पाहिजे, नव्या पाळकालाही पाहिजे.

विश्वास खरा आहे की सवयीचा, हे माझ्या इतक्या वर्षांच्या पाळकपणात मला एकट्याला कधी ठरवता आलं नाही. माझं अंतःकरण माझी बाजू घेतं. मला खरं सांगायला स्पांगेनबर्गसारखं विचारणारं कोणी लागतं, कॅप्टन फॉयसारखं माझं न परवडणारं भरणारं कोणी लागतं, आणि मलाही दुसऱ्या कोणासाठी तसं व्हावं लागतं. देवाची कृपा या दोन्ही वाटांनी येते, असा माझा अनुभव आहे. ज्या मंडळीत ही माणसं आहेत, तिथे सत्य लिहिणाऱ्याला ते एकट्याने लिहावं लागत नाही. पुढच्या आठवड्यात मंडळीच्या समितीपुढे मी एक ठराव ठेवणार आहे : प्रत्येक वस्तीत असा गट असावा, आणि प्रत्येक गटाने पाळकालाही त्याच्या जिवाचा प्रश्न विचारावा.